चौऱ्याण्णव आणि एक



पावसाळ्यात आपल्या तरुण मंडळातील एका मुलाने आमच्या कपाटातून एक इंग्रजी कादंबरी वाचायला नेली होती. रविवारी मिस्सा संपल्यावर तो ती परत करायला आला आणि दारातच थांबून म्हणाला, "फादर, गोष्ट चांगली आहे. पण एक कळलं नाही. चौऱ्याण्णव माणसं फासावर गेली, त्याचं कुणाला काही नाही. आणि एकाच माणसाच्या खुनामागे हा ब्रदर पुस्तकभर धावतो. असं कसं?" आम्हाला लगेच दुसऱ्या गावी मिस्सासाठी निघायचे होते. 'नंतर बोलू' म्हणून आम्ही सुटका करून घेतली. प्रश्न मात्र मोटारसायकलवर मागे बसून आमच्याबरोबर आला आणि अजून उतरलेला नाही. म्हणून आज त्याविषयी.

पुस्तकाचे नाव 'वन कॉर्प्स टू मेनी', म्हणजे 'एक मृतदेह जास्त'. १९७९ साली ते प्रसिद्ध झाले. लेखिका एडिथ पार्जिटर. रहस्यकथा मात्र त्या 'एलिस पीटर्स' या टोपणनावाने लिहीत. इंग्लंडच्या श्रूझबरी गावातील बेनेडिक्टाइन मठात राहणारा ब्रदर कॅडफेल हा त्यांचा नायक. त्याच्यावर त्यांनी १९७७ ते १९९४ या काळात वीस कादंबऱ्या लिहिल्या. (मठातील खुनांवरची दुसरी एक कादंबरी, उंबेर्तो एको यांची 'द नेम ऑफ द रोझ', पुष्कळांना चित्रपटामुळे माहीत असते. ती वेगळी, आणि बरीच अवघड. आम्ही सेमिनरीत असताना ती दोनदा अर्ध्यावर सोडली होती.) कॅडफेल जन्मजात साधू नव्हे. तारुण्यात तो क्रूसयुद्धात लढला, नंतर दर्यावर भटकला आणि अर्धे आयुष्य संपल्यावर मठात येऊन औषधी झाडांची बाग करू लागला. मेलेली माणसे त्याने पुष्कळ पाहिली आहेत. गोष्टीत याचा उपयोग होतो.

काळ ११३८ चा. राजा पहिला हेन्री ११३५ मध्ये वारला. त्याचा औरस मुलगा त्याआधीच समुद्रात बुडून गेला होता, म्हणून त्याने आपली मुलगी मटिल्डा हिला वारस नेमून सरदारांकडून तशी शपथ घेतली होती. शपथ घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफन हाही होता. पण मामा जाताच स्टीफनने घाई करून स्वतःच्या डोक्यावर मुकुट ठेवून घेतला. मग देश दोन तटांत फाटला. श्रूझबरीचा किल्ला मटिल्डाच्या बाजूने लढला आणि पडला. किल्लेदार निसटला. हाती लागलेल्या शिबंदीतील चौऱ्याण्णव जणांना स्टीफनने फाशी दिले. हे कादंबरीतले नाही, इतिहासातले आहे. ऑर्डरिक व्हायटॅलिस नावाच्या एका मठवासीने हा आकडा लिहून ठेवला. तो जन्माने श्रूझबरीजवळचाच होता आणि नॉर्मंडीतील मठात बसून आपल्या काळाचा इतिहास लिहीत होता. तो असेही सांगतो की, तोवर लोक राजाला मऊ समजू लागले होते. त्या चिडीतून त्याने हे केले.

यापुढे कादंबरी सुरू होते. मठाधिपती राजाकडे एकच मागणी करतो: या मृतांना आम्हाला ख्रिस्ती माणसांप्रमाणे मूठमाती देऊ द्या. काम कॅडफेलच्या वाट्याला येते. तो प्रेते ओळीने ठेवतो, धुतो, झाकतो आणि मोजतो. चौऱ्याण्णव असायला हवीत. पंच्याण्णव भरतात. पुन्हा मोजतो, तरी पंच्याण्णवच. त्यांतल्या एका तरुणाच्या गळ्यावर फासाच्या जाड दोराचा वळ नसून बारीक दोरीची खूण आहे. कुणीतरी त्याला मागून गळा आवळून मारले आणि रात्री आणून ढिगात टाकले. एवढ्या मुडद्यांत आणखी एक कोण मोजणार, असा हिशेब.

अधिकाऱ्यांना कॅडफेलचा हा शोध म्हणजे नसती कटकट वाटते. आपल्या त्या मुलाचा प्रश्न म्हणजे जवळजवळ त्यांचाच प्रश्न. फरक इतकाच की मुलाला चौऱ्याण्णवांचे वाईट वाटत होते आणि अधिकाऱ्यांना कुणाचेच नव्हते.

कॅडफेलच्या बाजूने पहिले उत्तर असे देता येईल. चौऱ्याण्णव मृत्यूंना एक धनी आहे. राजाने दिवसाढवळ्या हुकूम दिला, सर्वांनी ऐकला. तो चुकला असेल, क्रूर असेल, पण 'हे मी केले' असे त्याच्या कपाळावर लिहिलेले आहे. त्याला देवापुढे आणि इतिहासापुढे जाब विचारता येतो. पंच्याण्णवाव्या मृत्यूला धनीच नाही. तो दुसऱ्याच्या खात्यावर चोरून चढवलेला आहे. संत थॉमस अक्विनास तेराव्या शतकात साधारण हाच भेद करतात: समाजाच्या हितासाठी ज्याच्या हाती सत्ता सोपवली आहे त्याने अपराध्याला देहदंड देणे वेगळे, आणि खाजगी माणसाने कुणाला मारणे वेगळे. निरपराध्याला मारणे तर कुणालाच, कधीच क्षम्य नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा भेद आम्हाला फार स्वच्छ वाटला होता. परीक्षेत गुणही चांगले मिळाले. पण स्टीफनच्या राज्यात तो लावून पाहा. हक्काची सत्ता कोणाची? फासावर गेलेले लोक राजद्रोही ठरले ते कशाबद्दल? मटिल्डाला दिलेली शपथ पाळल्याबद्दल. आणि त्यांना राजद्रोही ठरवणाऱ्याने तीच शपथ घेऊन मोडली होती. जेव्हा दोघेही 'मीच कायदा' म्हणतात, तेव्हा कोणता मृत्यू शिक्षा आणि कोणता खून, हे सांगणारा निवाडा कोणी करायचा? संत अगस्तीन यांनी तर फार पूर्वी विचारून ठेवले आहे की, न्याय वजा केला तर राज्य आणि मोठी दरोडेखोर टोळी यांत उरतो तो फरक कोणता. शिवाय शरण आलेल्या, नि:शस्त्र माणसांना मारण्याचा प्रश्न राहतोच. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात बदल करून देहदंड अस्वीकार्य असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा आजच्या ख्रिस्ती माणसाला चौऱ्याण्णवांच्या बाबतीत 'राजाचा हुकूम होता' एवढ्यावर थांबता येत नाही. या ठिकाणी आमचे कादंबरीशी जमत नाही. ती चौऱ्याण्णवांना जरा लवकर मागे टाकते. आपल्या मुलाची तक्रार खरी आहे.

तरीही आम्ही त्याला एक गोष्ट दाखवू इच्छितो. ज्याने पंच्याण्णवावा शोधला, त्यानेच चौऱ्याण्णवांना हात लावला होता. राजाच्या माणसांनी ढीग पाहिला. कॅडफेलने एकेक चेहरा पुसला, म्हणून त्याला एक चेहरा वेगळा दिसला. आणि मग गावातल्या लोकांना बोलावले जाते: या, तुमचे कोणी असेल तर ओळखा. त्यांत अलीन नावाची एक मुलगी येते. ती राजाच्या पक्षाची. मदत म्हणून ती आलेली असते, आणि त्या ओळीत तिला आपला सख्खा भाऊ गाइल्स दिसतो. तो दुसऱ्या पक्षात गेला होता.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. आपल्याकडे याला कादंबरी लागत नाही. १९८० पासून आंध्र प्रदेशातून दलम आपल्या जंगलात येऊ लागले, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. १९९० मध्ये पोलिसांनी सी-६० पथक उभारले ते स्थानिक तरुणांतूनच. म्हणजे एकाच गोटुलात वाढलेली, एकाच आश्रमशाळेत भात-वरण खाल्लेली मुले दोन्हीकडे गेली. एकाच घरात एक फोटो वर्दीतला, आणि दुसऱ्याचा फोटोच नाही, कारण तो भिंतीवर ठेवण्याची सोय नाही.

(ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) खून झालेला तरुण किल्लेदाराचा खजिना गुपचूप बाहेर नेत होता. ही बातमी फोडली ती अलीनच्या भावानेच. आपला जीव वाचावा म्हणून त्याने ती राजाच्या एका अधिकाऱ्याला विकली. अधिकाऱ्याने बातमी घेतली, अभय देण्याचे कबूल केले आणि इतरांबरोबर त्यालाही फासावर जाऊ दिले. मग खजिन्यासाठी त्या तरुणाचा खून केला आणि प्रेत राजाच्या ढिगात लपवले. म्हणजे चौऱ्याण्णवांतलाही एक नुसता राजाच्या न्यायाने मेला नव्हता! राजाच्या दोराने, पण खाजगी लोभापायी मेला. लेखिका हे फारसे ओरडून सांगत नाही, पण आमच्या मते पुस्तकाचे मर्म इथे आहे. एकाचा हिशेब नीट करायला गेले की बाकीच्यांचाही उलगडू लागतो.

खबऱ्या. हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. आपल्या भागात कित्येक सकाळी रस्त्याच्या कडेला माणूस पडलेला आणि शेजारी पत्रक, असे घडले आहे. पत्रकात एक ओळ: पोलिसांचा खबरी होता. झाले. ती ओळ वाचली की पुढचे प्रश्न संपतात. बांधाचे भांडण होते का, तेंदूपत्त्याच्या पैशांवरून वाकडे होते का, कुणाचे वैर होते का, हे कोणी विचारत नाही. स्टीफनच्या किल्ल्याच्या खंदकासारखेच ते पत्रक. त्यात कुणाचेही प्रेत खपून जाते.

आणि दुसऱ्या बाजूचा ढीग. २२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड भागातील कसनासूर-बोरियाच्या जंगलात मोठी चकमक झाली. पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा पुढच्या दिवसांत वाढत गेला, कारण इंद्रावतीच्या पात्रात आणखी मृतदेह मिळत गेले. दुसऱ्या दिवशीची अहेरी भागातील चकमक धरून तो ४० वर गेला. त्या वेळी गट्टेपल्ली गावातील काही कुटुंबांनी आपली तरुण मुले लग्नाला म्हणून निघाली होती, असे सांगितले. ती नुकतीच दलममध्ये भरती झाली होती, असे पोलिसांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी, १ मे २०१९ ला, कुरखेड्याजवळ जांभुळखेडा येथे भूसुरुंगाने १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला. आपण महाराष्ट्र दिनाचे ध्वजवंदन करून घरी आलो होतो, तेव्हा ही बातमी आली. त्या जवानांतलेही काही ह्याच भागातले. बातम्यांत '१५ जवान' राहिले; त्या चालकाला पुष्कळदा 'आणि एक' इतकीच जागा मिळाली.

आम्ही दोन्ही बाजूंना एका तराजूत घालतो असे कोणी समजू नये. जंगलातल्या 'जन अदालती'च्या निकालावर अपील नव्हते. राज्याला संविधान आहे, न्यायालय आहे, म्हणून तर त्याच्याकडे हिशेब मागता येतो, आणि मागितलाही जातो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये, महाराष्ट्राच्याच एका खटल्यात, पोलीस चकमकीतील मृत्यूंबाबत नियम घालून दिले: गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी होऊ द्या. आकडा कितीही मोठा असो, कायद्याने त्यातला प्रत्येक जण वेगळा मोजायचा आहे. ह्यात पोलिसांचा अपमान कसला? ज्याचे काम स्वच्छ आहे त्याला मोजदाद सोयीचीच असते. राजालाही कॅडफेलने हीच सोय करून दिली होती: तुमच्या नावावर दुसऱ्याचे पाप चढू देऊ नका.

इथवर लिहिले ते राजांविषयी, दलांविषयी. आता आमच्याविषयी.

धर्मगुरुपदाच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही गडचिरोलीच्या आतल्या भागात होतो. गावाचे नाव लिहीत नाही. तिथे सुतारकाम करणारा एक माणूस आमच्या प्रार्थनागृहाची बाके दुरुस्त करून देई. ख्रिस्ती नव्हता. पैसे सांगताना लाजायचा, म्हणून शेवटी आम्हीच आकडा बोलायचो आणि तो, खरे सांगायचे तर, कमीच बोलायचो. एका सकाळी तो वळणावरच्या रस्त्यावर मेलेला सापडला. शेजारी पत्रक होते.

आम्ही गेलो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. त्या घरी कोण जाते यावर दोघांचीही नजर असे, आणि आमच्या मागे शाळेतली मुले होती, सिस्टर होत्या, असे आम्ही स्वतःला समजावले. ती कारणे खोटी नव्हती. तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा सर्व उरकले होते. त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. ती रडली नाही, रागावली नाही. एवढेच म्हणाली, "कुणी काही विचारायला नाही आलं जी." पुढे बरेच महिने कुजबुज चालू होती की मामला जमिनीचा होता. ती कुजबुज ज्यांनी ऐकली त्यांपैकी कोणीही, आम्ही धरून, एक पाऊल पुढे गेला नाही. पत्रक होते ना.

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकातील एकविसावा अध्याय आहे. रानात कुणाचे प्रेत सापडले आणि मारेकरी कळला नाही तर काय करावे, याचा तो नियम. वडीलधाऱ्यांनी यायचे आणि प्रेतापासून आसपासच्या प्रत्येक गावापर्यंतचे अंतर मोजायचे. जे गाव सर्वांत जवळ, त्याच्या वडिलांनी वाहत्या ओढ्याशी जाऊन एका कालवडीवर हात धुऊन देवासमोर जाहीर करायचे की, हे रक्त आमच्या हाताने सांडलेले नाही, आम्ही पाहिलेले नाही. सेमिनरीत आम्हाला हा विधी चमत्कारिक वाटला होता. मारेकरी माहीत नाही, तर दोरी घेऊन रानात अंतरे मोजून काय मिळणार? आता वाटते, नियम करणाऱ्याला माणसे ठाऊक होती. 'आमच्या हद्दीतले नाही' हे आपण सर्वांत आधी म्हणतो. प्रार्थनागृहाच्या दारापासून त्या वळणापर्यंतचे अंतर दोन किलोमीटरही नव्हते.

तोबीतची गोष्ट आपण धर्मशिक्षण वर्गात मुलांना सांगतो. निनवेच्या तटाबाहेर फेकलेली आपल्या लोकांची प्रेते तो राजाचा राग ओढवून घेऊन पुरत असे. एकदा सणाचे जेवण समोर वाढलेले असताना, बाजारात एक जण मारून टाकलेला आहे असे कळले. तो ताटावरून उठला. आम्ही ताटावरून उठलो नव्हतो, इतकेच.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, आणि त्याच्या साठ सहकाऱ्यांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. आनंदाची गोष्ट आहे. कालपर्यंत आपण त्यांना 'ते' म्हणत होतो; आता त्यांतले काही आठवडी बाजारात आपल्या शेजारी उभे राहून भाजी घेतील. त्यांना जागा द्यावी. आमचे त्याबद्दल दुमत नाही. इंग्लंडातही ते युद्ध अखेर तहाने मिटले: ११५३ मध्ये ठरले की स्टीफनने मरेपर्यंत राज्य करावे आणि त्याच्यानंतर मटिल्डाच्या मुलाने. शहाणपणाचा तोडगा. पण त्या चौऱ्याण्णवांपैकी इतिहासाने अर्नुल्फ या एका सरदाराचे नाव ठेवले; बाकीचे आकड्यातच राहिले. आठशे वर्षांनी एका बाईने त्यांच्यात एक पंच्याण्णवावा कल्पून घातला आणि त्याला नाव दिले, निकोलस फेन्ट्री. जो नव्हताच त्याला नाव आहे, आणि जे होते त्यांना नाही.

भामरागडकडे गेलेल्यांनी पाहिले असेल, माडिया लोक गावाबाहेर मृतांसाठी दगड उभे करतात. प्रत्येकाचा दगड वेगळा. पोलिसांनी त्यांच्या शहिदांचे स्मारक बांधले, नक्षल्यांनी त्यांच्यांसाठी लाल स्तंभ उभारले. सुताराचा स्तंभ कुणी बांधायचा? तो कुणाचाच नव्हता.

तर त्या मुलाला आमचे उत्तर असे: बाळा, चौऱ्याण्णवांची तुझी तक्रार बरोबर आहे आणि ती सोडू नकोस. पण कॅडफेलला एकट्याला चौऱ्याण्णव फाशी थांबवता येत नव्हत्या. त्याला मोजता येत होते. आम्हाला तर मोजायचाही धीर झाला नाही.

२ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मृतिदिनासाठी नावांची वही नेहमीप्रमाणे वेदीच्या डाव्या बाजूच्या टेबलावर ठेवली आहे. यंदा एक विनंती. ज्यांच्या घरातला, नात्यातला, शेजारातला कोणी या चाळीस वर्षांत जंगलात गेला, कोणत्याही बाजूचा असो वा कोणत्याच बाजूचा नसो, ख्रिस्ती असो वा नसो, त्याचे नाव लिहावे. कारण लिहू नये, फक्त नाव. मिस्साच्या वेळी सर्व नावे एका मागून एक वाचली जातील. वेळ लागेल, लहान मुलांना घेऊन बसणाऱ्यांनी त्या तयारीने यावे. वहीत पहिले नाव आम्ही लिहिले आहे. त्याचे पुढचे आडनाव मात्र आम्ही कधी विचारलेच नव्हते. ते विचारून यायला एका माणसाला त्या गावी पाठवले आहे. तो शनिवारपर्यंत परत येईल.